सर्जिकल टेक्नॉलॉजिस्ट व्हायचंय? आधी चार कागदांतला फरक समजून घ्या

मराठीत आपली एक अडचण आहे. ‘सर्टिफिकेट’ आणि ‘सर्टिफिकेशन’ या दोन्हींना आपण बिनदिक्कत ‘प्रमाणपत्र’ म्हणून मोकळे होतो. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण अमेरिकेत सर्जिकल टेक्नॉलॉजिस्ट व्हायला निघालेल्या माणसाची या एका शब्दापायी दीड-दोन वर्षं आणि हजारो डॉलर वाया जाऊ शकतात. कारण शाळा देते ते सर्टिफिकेट, आणि त्या सर्टिफिकेटवर नोकरी मिळेलच असं नाही. रुग्णालयं विचारतात ते सर्टिफिकेशन. ते शाळेच्या हातात नसतं.

म्हणून सुरुवातीलाच चार कागद वेगळे करून ठेवू. पहिला, शाळेने तुम्हाला दिलेला: कोर्स पूर्ण केल्याचा डिप्लोमा, सर्टिफिकेट किंवा पदवी. दुसरा, शाळेला स्वतःला मिळालेला: तिच्या कोर्सची मान्यता, तिकडच्या भाषेत अ‍ॅक्रेडिटेशन. तिसरा, राष्ट्रीय पातळीवरच्या मंडळाने परीक्षा घेऊन तुम्हाला दिलेला. हेच ते सर्टिफिकेशन. आणि चौथा राज्य सरकारचा, जो काही राज्यांत लागतो आणि बऱ्याच राज्यांत अस्तित्वातच नाही.

यातला दुसरा कागद तुमच्या हातात कधीच येत नाही, तुमचं नावही त्यावर नसतं. आणि नेमका त्याच्यावरच तिसरा अवलंबून असतो. हा सगळा लेख खरं तर या एका गोष्टीबद्दल आहे.

आधी काम काय ते

ऑपरेशन चालू असताना सर्जनच्या समोर किंवा शेजारी, गाउन-हातमोजे घालून, अवजारांच्या टेबलाशी उभी असलेली व्यक्ती म्हणजे सर्जिकल टेक्नॉलॉजिस्ट. बोलीत ‘स्क्रब टेक’. काही ठिकाणी ‘सर्जिकल टेक्निशियन’ म्हणतात, पद तेच. रुग्ण आत येण्याआधी निर्जंतुक टेबल मांडणं, अवजारं नीट चालतात का पाहणं, सर्जनला गाउन-हातमोजे चढवणं, ऑपरेशनभर लागेल ते अवजार लागेल त्या क्षणी हातात देणं, आणि वापरलेली प्रत्येक वस्तू मोजून परत घेणं, हे तिचं काम.

देणं हा यातला दिसणारा भाग. मोजणं हा न दिसणारा. पोटाच्या ऑपरेशनमध्ये वापरतात ते मोठे कापडी स्पंज पाच-पाचच्या गठ्ठ्यात येतात, आणि प्रत्येकात एक्स-रेमध्ये दिसेल अशी पट्टी शिवलेली असते. ऑपरेशन सुरू होण्याआधी मोजणी होते, शरीरातली पोकळी बंद करण्याआधी होते, जखम शिवताना होते, शेवटी पुन्हा होते. ती टेक्नॉलॉजिस्ट आणि खोलीतली नर्स दोघींनी मिळून, मोठ्याने बोलत, प्रत्येक वस्तू डोळ्यांनी बघत करायची असते. एक जरी स्पंज कमी भरला तरी सर्जनला थांबायला सांगायचं. सर्जन कितीही ज्येष्ठ असो आणि रात्रीचे कितीही वाजलेले असोत.

रुग्णालयांना मेडिकेअरचे, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठी असलेल्या सरकारी आरोग्यविम्याचे पैसे हवे असतील तर केंद्र सरकारचे काही नियम पाळावे लागतात. त्यांत असं म्हटलंय की ही टेबलाशेजारची भूमिका टेक्नॉलॉजिस्ट करू शकतात, पण नोंदणीकृत नर्सच्या देखरेखीखाली. खोलीतलं सर्क्युलेटिंगचं, म्हणजे निर्जंतुक क्षेत्राबाहेर राहून सगळं सांभाळण्याचं काम मात्र नर्सचंच. टेक्नॉलॉजिस्ट त्यात मदत करू शकतात. गंमत म्हणजे टेक्नॉलॉजिस्टने अमुक परीक्षा दिलेली असावी असं हा केंद्राचा नियम सांगत नाही. तो प्रश्न राज्यांवर आणि रुग्णालयांवर सोडलेला आहे. पुढचा सगळा गुंता तिथून सुरू होतो.

या पेशाची मुळं लष्करात आहेत. दुसऱ्या महायुद्धात नर्स अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा सैन्याने आपल्या वैद्यकीय जवानांनाच ऑपरेशनच्या टेबलावर मदत करायला शिकवलं. युद्ध संपल्यावर त्यातले कित्येक जण नागरी रुग्णालयांत आले. १९६९ मध्ये त्यांची संघटना उभी राहिली. आज तिचं नाव असोसिएशन ऑफ सर्जिकल टेक्नॉलॉजिस्ट्स. लष्करातला रस्ता अजूनही चालू आहे. तिन्ही दलांचं वैद्यकीय प्रशिक्षण सॅन अँटोनियोच्या फोर्ट सॅम ह्यूस्टनमध्ये होतं, आणि तिथून बाहेर पडलेल्यांना पुढे सांगितलेली परीक्षा देता येते.

शाळेचा कागद

प्रवेशासाठी हायस्कूल पूर्ण केलेलं असावं किंवा त्याच्याशी समकक्ष जीईडी. जीवशास्त्र, रसायनशास्त्र थोडंफार झालेलं असेल तर पुढे सोपं जातं. बऱ्याच ठिकाणी मानवी शरीररचना आणि वैद्यकीय परिभाषा हे विषय मुख्य कोर्सच्या आधीच पूर्ण करून या असं सांगतात. मग लसी: हेपटायटिस बी, गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, दरवर्षीची फ्लूची, क्षयाची तपासणी. पोलिसी पार्श्वभूमीची चौकशी आणि अमली पदार्थांची चाचणी. हे सगळं रुग्णालयं मागतात, कारण अर्धा कोर्स त्यांच्याच ऑपरेशन थिएटरमध्ये होतो. सीपीआरचं कार्डही लागतं.

कोर्स दोन प्रकारचे. सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा साधारण वर्षभराचा, कुठे थोडा कमी, कुठे थोडा जास्त. असोसिएट पदवी साधारण दोन वर्षांची. त्यात तांत्रिक विषय बहुतेक तेच असतात, वर इंग्रजी, गणित, मानसशास्त्र यांसारख्या सामान्य शिक्षणाची भर. संघटनेचा कल असोसिएट पदवीकडे आहे. माझं मत विचाराल तर वयाच्या विशीत असलेल्याने पदवी घ्यावी, कारण उद्या नर्सिंगकडे किंवा व्यवस्थापनाकडे वळायचं झालं तर ते सामान्य विषय कामी येतात. तांत्रिक विषयांची क्रेडिट्स मात्र नर्सिंगला सहसा चालत नाहीत. हे आधी कोणी सांगत नाही आणि नंतर फार लागतं. चाळिशीत पेशा बदलणाऱ्याला मात्र वर्षाचा कोर्स पुरतो. परीक्षेच्या दारात दोघांची रांग एकच.

आत काय शिकवतात? शरीररचना तर आलीच. सूक्ष्मजीवशास्त्र का, असं मुलं विचारतात. वाफेचा निर्जंतुकीकरण यंत्रसंच, म्हणजे ऑटोक्लेव्ह, नीट चालला की नाही हे कळण्यासाठी त्यात मुद्दाम एका जिवाणूचे बीजाणू ठेवतात. त्याचं नाव जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस. उष्णतेला दाद न देणारा हा चिवट प्राणी मेला, तर बाकीचे मेले असं धरायला हरकत नाही. पण प्रायॉन नावाची, मेंदूच्या क्रॉइट्झफेल्ट-याकोब आजाराला कारण असलेली प्रथिनं नेहमीच्या चक्राने निष्प्रभ होत नाहीत. अशा रुग्णाच्या मेंदूवर वापरलेली अवजारं नेहमीच्या ट्रेबरोबर पाठवून दिली, तर ती पुढच्या माणसाच्या डोक्यात जातील. हे ज्याला माहीत नाही त्याच्या हातात ट्रे देऊ नये.

गणितही लागतं, आणि ते बेरीज-गुणाकाराच्या पलीकडचं नसतं. जागा बधिर करायचं लिडोकेन १ टक्क्याचं असेल तर १०० मिलीलिटरमध्ये १ ग्रॅम, म्हणजे दर मिलीलिटरमागे १० मिलिग्रॅम. सर्जनने २० मिलीलिटर टोचलं की २०० मिलिग्रॅम गेलं. प्रौढाला साध्या लिडोकेनची कमाल मात्रा ३०० मिलिग्रॅमच्या आसपास धरतात. किती दिलं याचा हिशेब टेबलाशी उभी असलेली व्यक्ती ठेवते आणि मोठ्याने सांगते. निर्जंतुक टेबलावर दोन वाट्यांत दोन पारदर्शक द्रव असतील, तर दोन्हींवर नावाची चिठ्ठी हवीच. एक सलाइन आणि दुसरं औषध, दिसायला दोन्ही पाण्यासारखी.

आणि अवजारं. शेकडो. कोखरच्या टोकाला दात असतात, बॅबकॉकचं टोक गोलसर आणि बिनदाती. आतडं हळुवार धरायचं असताना पहिलं हातात दिलं तर आतडं फाटेल. दोऱ्यांचे क्रमांक नवख्याला उलटे वाटतात: शून्यं जितकी जास्त तितका दोरा बारीक, ४-० हा २-० पेक्षा नाजूक. हे सगळं पाठ करायचं, आणि मग पाठांतर विसरून हाताने शिकायचं.

शाळेला मिळालेला कागद

आता मुद्द्यावर येऊ. या पेशातलं मुख्य सर्टिफिकेशन म्हणजे सर्टिफाइड सर्जिकल टेक्नॉलॉजिस्ट, सीएसटी. (मुंबईकरांना स्टेशन आठवलं तर इलाज नाही.) ते देणाऱ्या संस्थेचं नाव नॅशनल बोर्ड ऑफ सर्जिकल टेक्नॉलॉजी अँड सर्जिकल असिस्टिंग, लघुरूप एनबीएसटीएसए. तिची मुख्य अट अशी की परीक्षेला बसणाऱ्याने मान्यताप्राप्त कोर्स पूर्ण केलेला असावा. आणि मान्यता कोणाची, तर दोघांपैकी एकाची: सीएएएचईपी, म्हणजे कमिशन ऑन अ‍ॅक्रेडिटेशन ऑफ अलाइड हेल्थ एज्युकेशन प्रोग्रॅम्स, किंवा एबीएचईएस, म्हणजे अ‍ॅक्रेडिटिंग ब्यूरो ऑफ हेल्थ एज्युकेशन स्कूल्स.

इथे लोक दोनदा फसतात. एकदा असं की, कॉलेजला मान्यता आहे म्हणजे कोर्सला आहे असं समजतात. अमेरिकेत कॉलेज म्हणून मिळणारी मान्यता वेगळी, आणि त्यातल्या एखाद्या आरोग्यकोर्सची स्वतंत्र मान्यता वेगळी. कॉलेज अगदी नावाजलेलं, सरकारी, शंभर वर्षांचं असू शकतं, आणि त्याचा सर्जिकल टेक्नॉलॉजीचा कोर्स तरीही या दोन संस्थांच्या यादीत नसू शकतो. दुसऱ्यांदा असं की, शाळा सांगते ‘आमचा अर्ज गेलेला आहे, मान्यता येतच आहे’. येतही असेल. पण अर्ज गेलेला असणं आणि मान्यता असणं या दोन गोष्टींमधल्या काळात तुमचं वर्ष अडकलेलं असतं.

दुसऱ्या कित्येक परीक्षा अशा असतात की पुस्तकं आणून घरी अभ्यास केला, फी भरली आणि बसलो. ही तशी नाही. तुम्ही कितीही हुशार असा, दहा वर्षं थिएटरमध्ये उभे राहिलेले असा, योग्य शाळेतून आलेले नसाल तर एरवी अर्जच पुढे सरकत नाही. लष्करी प्रशिक्षणवाल्यांचा अपवाद वर सांगितलाच, आणि पूर्वी सीएसटी असलेल्यांनाही पुन्हा बसता येतं.

इतका कडकपणा कशासाठी, असं वाटणं साहजिक आहे. उत्तर शाळेच्या वर्गात सापडत नाही, रुग्णालयात सापडतं.

एकशे वीस ऑपरेशनं

मान्यताप्राप्त कोर्सेस ज्या सामाईक अभ्यासक्रमावर चालतात, तो प्रत्येक विद्यार्थ्याने किमान १२० ऑपरेशनांत प्रत्यक्ष काम केलेलं असावं असं सांगतो. त्यातली ३० सामान्य शस्त्रक्रिया विभागातली: हर्निया, पित्ताशय, अपेंडिक्स, आतडं. उरलेली ९० इतर विभागांतली: हाडं, स्त्रीरोग, डोळे, कान-नाक-घसा, मूत्रमार्ग, हृदय, मेंदू वगैरे.

नुसतं हजर राहिलं की आकडा वाढत नाही. प्रत्येक ऑपरेशनमध्ये विद्यार्थ्याची भूमिका कोणती होती ते नोंदवहीत लिहायचं असतं. पहिली भूमिका, ‘फर्स्ट स्क्रब’: सामान तपासलं, निर्जंतुक टेबल स्वतः मांडलं, मोजणी केली, अवजारं दिली, आणि ऑपरेशनभर निर्जंतुकता सांभाळली. या पाचही गोष्टी केल्या तरच ती पहिली भूमिका. टेबल आधीच कोणीतरी मांडून ठेवलं होतं आणि तुम्ही नंतर उभे राहिलात? मग ती दुसरी भूमिका. दोरा कापला, रक्त टिपलं, कातडी बाजूला धरून ठेवली, हीही दुसरी. भिंतीशी उभं राहून बघितलं ते निरीक्षण, आणि त्याची गणना शून्य.

३० सामान्य ऑपरेशनांपैकी निदान २० पहिल्या भूमिकेत हवीत, आणि इतर ९० पैकी ६०. म्हणजे एकूण ८०. शिवाय ती ६० एकाच विभागात उरकता येत नाहीत. निदान चार वेगवेगळ्या विभागांत प्रत्येकी दहा तरी व्हायला हवीत. सलग साठ गुडघेबदल केलेला विद्यार्थी गुडघ्याच्या खोलीत तरबेज असेल, पण रात्री दोन वाजता फाटलेली महाधमनी घेऊन माणूस आला की त्याला काय काढून ठेवायचं ते सुचणार नाही. अट त्यासाठी आहे.

सुरुवातीचे दिवस सगळ्यांचे सारखेच जातात. कोणी पहिल्या दिवशी भोवळ येऊन पडतं. अनुभवी नर्स सांगतात, डोळ्यांपुढे अंधारी आली तर मागे सरक आणि खाली बस, पण पुढे टेबलावर पडू नकोस. रुग्ण त्या बाजूला आहे. पोटात काहीतरी खाऊन ये, गुडघे ताठ ठेवून उभी राहू नकोस. यात लाज वाटण्यासारखं काही नाही; पुढे उत्तम काम करणारे कित्येक जण कधी ना कधी त्या खोलीत मटकन बसलेले असतात.

शिकायला सगळ्यात अवघड जाते ती निर्जंतुकतेची सीमारेषा. गाउन घातला म्हणजे तुम्ही सगळेच्या सगळे निर्जंतुक झालात असं नाही. समोरून, छातीपासून टेबलाच्या उंचीपर्यंत, आणि बाह्या कोपराच्या जरा वरपर्यंत. बस. पाठ निर्जंतुक नाही, म्हणून निर्जंतुक टेबलाकडे पाठ करायची नाही. टेबलाचा फक्त वरचा पृष्ठभाग निर्जंतुक; कापडाची कड खाली लोंबते ती नाही. हात कंबरेखाली गेले की गेले.

आणि चूक झाली, कोणी पाहिली नाही, तर? हातमोज्याचं टोक दिव्याच्या दांडीला निसटतं लागलं, सर्जनचं लक्ष आत होतं, नर्स पाठमोरी होती. या क्षणी तोंड उघडून ‘माझा हातमोजा बदला’ म्हणायचं. याला तिकडे ‘सर्जिकल कॉन्शन्स’ म्हणतात. मराठीत सरळ सदसद्विवेक म्हणू. गंमत अशी की परीक्षेत यावर प्रश्न येतो आणि सगळे बरोबर उत्तर देतात. खरी परीक्षा वेळापत्रक तासभर मागे पडलेलं असताना आणि सर्जन वैतागलेला असताना होते. ती १२० पैकी कोणत्या तरी एका ऑपरेशनमध्ये होतेच. घरबसल्या व्हिडिओ बघून हा भाग भरून निघत नाही, म्हणून ‘संपूर्ण ऑनलाइन’ अशी जाहिरात दिसली की सावध व्हायचं. पुस्तकी विषय ऑनलाइन असायला हरकत नाही. १२० ऑपरेशनं ऑनलाइन होत नाहीत.

परीक्षा

परीक्षेबद्दल खरं तर फार सांगण्यासारखं नाही. संगणकावर, चार तास, १७५ प्रश्न. त्यातले १५० गुणांत धरतात; उरलेले २५ पुढच्या परीक्षांसाठी पारखून बघायचे असतात आणि ते कोणते हे तुम्हाला कळत नाही, त्यामुळे सगळेच मन लावून सोडवायचे. सगळ्यात मोठा भाग ऑपरेशनच्या आधी, मधे आणि नंतरच्या कामाचा. मग निर्जंतुकीकरण, उपकरणं, नोंदी वगैरे. मग मूलभूत शास्त्र: शरीररचना, सूक्ष्मजीव, औषधं.

काही शाळा कोर्सच्या शेवटच्या आठवड्यांत सगळ्या वर्गाला एकत्रच परीक्षेला बसवतात. जमलं तर तेव्हाच द्यावी. नोकरी लागल्यावर ‘पुढच्या महिन्यात देऊ’ म्हणणाऱ्यांचा पुढचा महिना लांबत जातो, आणि शरीररचना डोक्यातून उतरत जाते.

दुसरंही एक सर्टिफिकेशन आहे: नॅशनल सेंटर फॉर कॉम्पिटन्सी टेस्टिंग या संस्थेचं, टेक इन सर्जरी सर्टिफाइड, म्हणजे टीएस-सी. त्याच्या वाटा जरा रुंद आहेत. कामाच्या अनुभवावरूनही तिथे पोचता येतं. चुकीच्या शाळेत अडकलेल्यांना हा मार्ग उरतो. तो खोटा किंवा कमअस्सल नाही. पण नोकरीच्या जाहिराती वाचत गेलात तर सीएसटीचं नाव कितीतरी जास्त वेळा दिसेल, आणि काही रुग्णालयं दुसरं स्वीकारतच नाहीत. म्हणून पहिला पर्याय सीएसटी ठेवावा.

राज्यांचा कागद

परवाना, म्हणजे लायसन्स, नर्सला लागतो, डॉक्टरला लागतो, केस कापणाऱ्यालाही लागतो. सर्जिकल टेक्नॉलॉजिस्टला बहुतेक राज्यांत लागत नाही. ऐकून धक्का बसतो खरा.

काही राज्यांनी मात्र कायदे केले. टेक्सास, इंडियाना, टेनेसी, साउथ कॅरोलायना, न्यू जर्सी, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, पेनसिल्व्हेनिया ही त्यातली ठळक नावं. ढोबळमानाने त्यांचं म्हणणं एकच: रुग्णालयाने या पदावर नेमताना माणूस सर्टिफाइड असावा. पण प्रत्येकाची खिडकी वेगळी. कायदा येण्याआधीपासून काम करणाऱ्यांना सूट असते. लष्करात शिकलेल्यांना सूट असते. नुकतंच शिक्षण संपवलेल्यांना परीक्षेसाठी काही महिने मुदत मिळते. टेक्सासमध्ये रुग्णालयाने मनापासून शोधूनही सर्टिफाइड माणूस मिळाला नाही, तर दुसरा नेमायची मुभा आहे. एवढ्या पसरलेल्या, खेड्यापाड्यांच्या राज्यात ती नसती तर काही ऑपरेशन थिएटरं बंदच पडली असती. न्यूयॉर्कने पुढे जाऊन वर्षाला १५ तासांचं सतत शिक्षणही मागितलंय.

कोलोरॅडो आणि वॉशिंग्टनने वेगळी वाट धरली. तिथे राज्याकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी म्हणजे तुम्ही काय शिकलात यापेक्षा तुम्ही कोण आहात याची नोंद. कोलोरॅडोच्या कायद्यामागे एक भीषण प्रकरण आहे. डेन्व्हरमधल्या एका रुग्णालयातली टेक्निशियन रुग्णांसाठी भरून ठेवलेल्या फेंटॅनिलच्या (एक तीव्र, व्यसन लावणारं वेदनाशामक) सिरिंज पळवून स्वतः टोचून घ्यायची आणि त्या जागी आपल्या वापरलेल्या सिरिंज सलाइन भरून ठेवायची. तिला हेपटायटिस सी होता. तिथून काढून टाकल्यावर ती दुसऱ्या शहरात दुसऱ्या शस्त्रक्रिया केंद्रात रुजू झाली, कारण मागचा इतिहास तपासायला एकत्र नोंद अशी कुठे नव्हतीच. २००९ मध्ये प्रकार उघडकीस आला, हजारो रुग्णांना तपासणीसाठी बोलवावं लागलं, आणि पुढच्या वर्षी तिला ३० वर्षांची शिक्षा झाली. राज्याचा नोंदणीचा कायदाही त्याच वर्षीचा, २०१० चा.

तेव्हा ‘सर्टिफिकेशन सक्तीचं आहे का?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. ज्या राज्यात कायदा नाही तिथलं रुग्णालयही आपल्या धोरणाने ते मागू शकतं, आणि बहुतेक मोठी रुग्णालयं मागतात. राहत्या राज्यापुरता विचार करून शाळा निवडणं म्हणूनच धोक्याचं. लग्न होतं, बदली होते, माणसं राज्य बदलतात.

नंतरचं थोडं

सीएसटी एकदा मिळालं की जन्मभराचं झालं असं नाही. दर दोन वर्षांनी ३० क्रेडिट सतत शिक्षणाची दाखवावी लागतात; पूर्वी ही मुदत चार वर्षांची होती आणि क्रेडिट ६०. मुदत हुकली तर पुन्हा परीक्षा. पगाराचं म्हणाल तर सरकारी कामगार आकडेवारीनुसार मे २०२३ मध्ये मध्यम वार्षिक पगार ६०,६१० डॉलर होता. निम्म्यांना याहून जास्त, निम्म्यांना कमी. या कामात रात्रीबेरात्री बोलावणं, सणासुदीच्या पाळ्या आणि तासन्‌तास एका जागी उभं राहणं आलंच. चांगले बूट ही चैन नव्हे. पुढे वाढायचं असेल तर सर्जिकल फर्स्ट असिस्टंटचं वेगळं शिक्षण आणि वेगळं सर्टिफिकेशन आहे, ज्यात सर्जनला प्रत्यक्ष हात लावून मदत करता येते.

भारतात ओटी टेक्निशियनचा कोर्स केलेले बरेच जण विचारतात की तो चालेल का. सीएसटीसाठी थेट चालत नाही. शिक्षण कमी असतं म्हणून नव्हे. वर सांगितलेल्या दोन संस्थांची मान्यता नसते म्हणून. शिवाय काम तंतोतंत एकच नाही: भारतातल्या ओटी टेक्निशियनकडे भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या मदतीचं बरंच काम असतं, अमेरिकेत त्यासाठी वेगळं पद आहे. एच-वन-बी व्हिसाच्या भरवशावर या पेशाकडे बघू नये, कारण तो चार वर्षांची पदवी लागणाऱ्या कामांसाठी असतो आणि या कामाला ती लागत नाही. नर्सना ग्रीनकार्डच्या प्रक्रियेत जी खास यादी उपयोगी पडते, तिच्यातही हे पद नाही. जोडीदाराबरोबर आधीच तिकडे असलेल्यांसाठी, आणि ज्यांना काम करायची परवानगी आहे त्यांच्यासाठी, गावातलं कम्युनिटी कॉलेज हा सगळ्यात स्वस्त आणि सरळ रस्ता. जागा मात्र मोजक्या असतात, कारण रुग्णालयं एका वेळी मोजक्याच विद्यार्थ्यांना थिएटरमध्ये घेतात. प्रतीक्षायादी असते. खाजगी शाळा नेमक्या या अधीर लोकांना गाठतात.

म्हणून शाळेला फोन करायच्या आधी सीएएएचईपीच्या आणि एबीएचईएसच्या संकेतस्थळावर जाऊन कोर्सचं नाव आणि गाव स्वतः शोधा. शाळेच्या माहितीपत्रकातला शिक्का बघून थांबू नका. मग फोन करा आणि विचारा: गेल्या वर्षी किती जणांनी प्रवेश घेतला, किती जणांनी पूर्ण केला, किती जण सीएसटी पहिल्या फटक्यात पास झाले? मान्यताप्राप्त शाळांना आपले निकाल जाहीर करावे लागतात, त्यामुळे ‘ते गोपनीय आहे’ हे उत्तर चालत नाही. आणि सगळ्यात शेवटी, थिएटरमधल्या प्रशिक्षणासाठी कोणकोणत्या रुग्णालयांशी करार आहे ते विचारा. नावं सांगितली तर लिहून घ्या. ‘रुग्णालय तुम्हीच शोधायचं’ असं म्हणाले, तर आभार मानून फोन ठेवा आणि यादीतली पुढची शाळा लावा.